‘51 टक्के मतदान’, कॉकस आणि खलबत

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार मतदारांनीच मत देऊन ठरवायची ती निवडणूक) बातम्यांमध्ये जो ‘टर्नआउट’, म्हणजे किती टक्के लोक मत द्यायला आले तो आकडा, येतो त्याला मराठीत नुसतं ‘मतदान’ म्हटलं तर चालेल का, आणि कॉकसला, म्हणजे त्याच कामासाठी पक्षाचे लोक एकत्र जमतात त्या बैठकीला, काय म्हणावं.

चालेल. पण त्याआधी ते ‘अमक्याला 51 टक्के मतदान’ कृपा करून बंद करा! उमेदवाराला मतं मिळतात, मतदान होतं ते मतदारसंघात. 2024 च्या जानेवारीत आयोवा राज्यात हाडं गोठवणारी थंडी होती, रिपब्लिकन कॉकसला साधारण 1 लाख 10 हजार लोक आले, म्हणजे पक्षाच्या नावावर नोंद असलेल्या मतदारांपैकी जेमतेम 15 टक्के, आणि त्या आलेल्यांपैकी 51 टक्क्यांनी ट्रम्पना मत दिलं. आता ‘ट्रम्प यांना 51 टक्के मतदान’ असं ऐकणाऱ्याला वाटणार की अर्धं आयोवा घराबाहेर पडलं होतं. एका शब्दाच्या ढिलाईने 15 चे 51 होतात.

दुसरं म्हणजे टक्के कशाचे ते सांगा. आपल्याकडे मतदारयादीतली नावं हाच पाया असतो त्यामुळे कोणी विचारत नाही. तिकडे नाव आपण होऊन नोंदवावं लागतं (बऱ्याच ठिकाणी), म्हणून बरेच अभ्यासक पात्र नागरिकांवर टक्केवारी काढतात. 2016 ला दोन्ही पक्षांच्या प्रायमरी मिळून ती 28.5 टक्के होती आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात साधारण 60. न्यूयॉर्कसारख्या राज्यात तर पक्षाच्या नावाने नोंद नसेल तर प्रायमरीत मतच देता येत नाही, मग तिथे पाया कोणता धरला हे न सांगता आकडा देण्यात काय अर्थ आहे? आणि प्रायमरीला ‘पक्षांतर्गत निवडणूक’ म्हणू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ पक्षाचे पदाधिकारी निवडणं असा होतो. ‘उमेदवारीची निवडणूक’ म्हणा, सरळ कळतं.

आता कॉकस. हा शब्द मला फार म्हणजे फार आवडतो. जॉन अ‍ॅडम्स, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते, यांच्या 1763 च्या डायरीत नोंद आहे की बोस्टनमध्ये टॉम डॉज नावाच्या गृहस्थाच्या माळ्यावर कॉकस क्लब भरतो, तंबाखूचा इतका धूर की या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसत नाही, पेयपान चालतं आणि गावाने मत देण्याआधीच गावचे कारभारी कोण ते तिथे ठरून जातं. शब्द आला कुठून? 1816 मध्ये पिकरिंग या कोशकाराने तो जहाजाच्या फटी बुजवणाऱ्या कारागिरांच्या ‘कॉकर’ या इंग्रजी नावाशी जोडला, का तर कॉकसवाले गोदीच्या बाजूला जमायचे म्हणून. मला हे अजिबात पटत नाही. गोदीजवळ जमले म्हणून कारागिरांचं नाव पडायचं तर अर्ध्या बोस्टनचं तेच नाव पडलं असतं! दुसरे एक विद्वान ग्रीक-लॅटिनमधला दारूचा पेला आणतात, तेही ओढूनताणूनच. मला पटते ती ट्रम्बुल या अभ्यासकांची व्युत्पत्ती, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या अल्गॉंक्वियन भाषांमधला ‘कॉकॉवासू’सारखा शब्द, अर्थ सल्लागार, मसलत देणारा. कॅप्टन जॉन स्मिथने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच व्हर्जिनियात तो टिपलाय. विरोधक म्हणतात व्हर्जिनिया कुठे आणि बोस्टन कुठे. अहो पण त्या काळच्या मंडळांना मूळ रहिवाशांची नावं घ्यायची हौसच होती, न्यूयॉर्कच्या टॅमनी मंडळाचं नाव लेनापे सरदाराचं आणि त्यांचे पुढारी स्वतःला ‘सॅचेम’ (त्यांच्यातला सरदार) म्हणवायचे, आणि बोस्टनकर 1773 ला इंग्रजांचा चहा समुद्रात बुडवायला गेले ते मोहॉक जमातीचा वेष करून. एवढं असताना गोदीत कशाला शिरायचं?

आणि म्हणूनच मी म्हणतो की मूळच्या कॉकसला मराठीत तयार शब्द आहे, खलबत. अरबी ‘खल्वत’ म्हणजे एकांत, तो फारसीतून आपल्याकडे आला, रायगडावर खलबतखाना आजही दाखवतात. कुटायच्या खलबत्त्याशी त्याचा काही संबंध नाही, तो खल आणि बत्ता. मोजक्या माणसांनी आड बसून ठरवायचं ते खलबत, त्यामुळे ‘जाहीर सभेत खलबतं झाली’ असं कोणी लिहिलं की मला राहवत नाही.

या खलबताचा जीव गेला तोही टर्नआउटमुळेच. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार तेव्हा पक्षाचे खासदारच कॉकसमध्ये ठरवायचे. 1824 च्या फेब्रुवारीत बोलावलं सगळ्यांना, आले 66, तीन चतुर्थांशाच्या आसपास खासदार फिरकलेच नाहीत, आणि क्रॉफर्डना 64 मतं मिळाली. कागदावर जवळजवळ एकमताने! पण बाकीच्यांनी त्या उमेदवारीला किंमतच दिली नाही, क्रॉफर्ड इलेक्टोरल मतांत (राष्ट्राध्यक्ष निवडायला राज्यांनी नेमलेल्या प्रतिनिधींची मतं) जॅक्सन आणि अ‍ॅडम्सपुत्रांच्या मागे तिसरे आले आणि खासदारांनी उमेदवार ठरवायची ती पद्धत तिथेच संपली.

आयोवातलं आजचं कॉकस मात्र शाळेत, चर्चमध्ये, उघड भरतं, त्याला खलबत म्हणता येणार नाही, तिथे ‘कॉकस’च ठेवा. रिपब्लिकनांच्या कॉकसला ठरलेल्या वेळी स्वतः जाऊन बसावं लागतं, म्हणून तिथल्या टर्नआउटला मी ‘हजेरी’ म्हणेन, ‘कॉकसला हजेरी 15 टक्के’. प्रायमरीला ‘मतदान’.