गुहागरला घरगुती उतरावं का?

प्रश्न : ताई, डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पाच जण गुहागरला जायचं म्हणतोय. व्याडेश्वर आमचं कुलदैवत. सासूबाई 75 वर्षांच्या. गुडघे धरलेत, साखरही आहे. मुलांना रिसॉर्ट हवंय, यांना मासे. मी एका घरगुती सोयीच्या ठिकाणी फोन केला, तर तिथल्या काकू म्हणाल्या, ‘‘मोदक हवे असतील तर आकडा आधी सांगा, आणि जेवायला किती ते आदल्या रात्री.’’ हॉटेलात असं कुणी विचारत नाही. असल्या ठिकाणी आमचं जमेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकूंनी आकडा विचारला ना? मग बिनधास्त जा. मोदक तिथंच वळले जाणार, याची ती खूण आहे.

माझं माहेर गुहागरचं, खालच्या पाटातलं (पाट म्हणजे तिथली वस्ती). कुळाचाराला आलेली माणसं पूर्वी उपाध्यांकडे नाहीतर ओळखीच्या घरी उतरायची; आमच्याकडची ‘सोय’ त्यातूनच सुरू झाली. स्वयंपाक आजही वहिनीच करते, हाताखाली एक बाई. आता मोदकांचा हिशेब ऐका. नारळ सोलायचे, फोडायचे, खवायचे, गूळ घालून सारण शिजवायचं, हे सगळं उकड काढायच्या आधी. उकड मळायची ती गरम असतानाच; निवली की कडा चिरतात आणि कळ्या पडत नाहीत. म्हणजे तुम्ही देवळातून यायच्या सुमाराला वहिनी पारी करत बसलेली हवी. ऐन वेळी ‘‘अजून दहा मिळतील का?’’ म्हणणाऱ्या पाहुण्याला ती हसून नाही म्हणते, आणि मग आत येऊन जे बोलते ते इथे छापण्यासारखं नाही. तुमच्या मुक्कामात संकष्टी येतेय का, तेवढं कॅलेंडरात बघा. त्या दिवशी मोदकांना फार मागणी असते.

सासूबाईंसाठी दोनच गोष्टी विचारा : खोली तळमजल्यावर आहे का, आणि कमोड आहे का. ‘अटॅच्ड’ म्हणजे कमोड असतोच असं नाही. आमच्याकडच्या घरांची जोती उंच असतात, म्हणून अंगणातून वर यायला पायऱ्या किती तेही विचारून घ्या. साखरेचं म्हणाल तर मोदकापेक्षा मला भाताची काळजी वाटते. दोन्ही वेळा भात असतोच आणि भाकरीही तांदळाचीच. पोळ्या हव्यात म्हणून आधी सांगितलंत तर कुणी कुरकुर करत नाही. वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, केळफुलाची भाजी यांवर त्यांचं छान भागेल.

यजमानांच्या माशांचं मात्र फोनवरच स्पष्ट करा. बऱ्याच घरांत फक्त शाकाहारी रांधतात, आणि बाहेरून आणून खोलीत खाल्लेलंही चालत नाही. मासे देणाऱ्या खानावळी गावात आहेत; एका दुपारी त्यांनी तिकडे जावं, तुम्ही घरी जेवा. लपवून पार्सल आणू नका, वास लपत नाही.

मुलांना पोहण्याचा तलाव मिळणार नाही. पण समुद्राच्या बाजूच्या घरात उतरलात तर मागच्या वाडीतून, पोफळींमधून थेट पुळणीवर जाता येतं. तेवढ्यासाठी मी रिसॉर्टकडे ढुंकूनही बघणार नाही.

रेल्वेनं येणार असाल तर चिपळूणला उतरून पुढे साधारण 45 किलोमीटर रस्ता आहे. गाडी रखडली तर काकूंना कळवा, त्या ताटं झाकून जाग्या बसतात. दापोलीकडून येत असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीची शेवटची वेळ विचारून निघा. ती चुकली तर फार मोठा वळसा पडतो. अभिषेक करायचा असेल तर तेही काकूंनाच सांगा, गुरुजी त्याच ठरवून देतील.

प्रश्न : अशा घरातून निघताना काकूंच्या हातात वेगळे पैसे ठेवावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काकूंच्या नको, त्यांना अवघडल्यासारखं होतं. मागच्या पडवीत नारळ खवणारी आणि भांडी घासणारी जी बाई असेल, तिच्या हातात ठेवा. पाकीट काकूंकडे ‘तिला द्या’ म्हणून सोपवू नका, स्वतः मागे जाऊन द्या.