बॅग कुणी भरायची?

प्रश्न : ताई, माझं वय ५४. हे गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलीने आम्हाला जानेवारीत आठ दिवसांची केरळची सहल भेट दिली आहे. जाताना नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेसने एर्नाकुलम, मग मुन्नार, अलेप्पीची हाउसबोट, शेवटी त्रिवेंद्रम आणि तिथून विमानाने मुंबई. दोघंच असे आम्ही कधी कुठे गेलोच नाही. गेलो ते वणी, शिर्डी, नाहीतर लग्नकार्याला. मुलीने मला दोन कुर्ता-पँट पाठवलेत. लग्नानंतर मी साडीशिवाय काही घातलेलं नाही. एक घालून दाखवला तर हे म्हणाले, “हे काय नवीन?” मला रडूच आलं. भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात दोघांचं मॅचिंग घ्या, फोटो छान येतात. सासूबाई म्हणतात येवल्याची पैठणी ने, देवळात नेस. आणि यांचं म्हणणं, दोघांत एकच बॅग. त्यात यांनी स्वतःची सफारी आणि जुना तपकिरी स्वेटर आधीच ठेवून दिलाय. दर प्रवासात “किती सामान घेतलंस!” ऐकून घ्यायचं मात्र मी. काय नेऊ, काय घालू?
– जेलरोडची एक वाचक

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात कपड्यांबद्दल मत असलेली माणसं चार आहेत : लेक, भिशी, सासूबाई आणि यजमान. बॅग भरणारी मात्र एकटी तुम्ही. कुर्त्याचा नि पैठणीचा निकाल लावू आपण, पण आधी हे मिटवायला हवं.

“किती सामान घेतलंस” म्हणणाऱ्या माणसाला त्या सामानातलं अर्धं आपलंच आहे हे सहसा माहीत नसतं. त्यांच्या गोळ्या, दाढीचं सामान, त्यांना लागतो म्हणून थर्मास, त्यांना बाहेरचं सोसत नाही म्हणून दशम्या आणि चटणीचा डबा. हे सगळं तुमच्या नावावर जमा होतं, कारण ठेवणारा हात तुमचा. तेव्हा एकच बॅग हा बेत रद्द. दोन मध्यम, मऊ कापडाच्या बॅगा घ्या. ज्याची त्याने भरायची आणि ज्याची त्याने उचलायची. त्यांना यादीसुद्धा करून देऊ नका. बनियन विसरले तर एर्नाकुलमला बनियन मिळतात.

हे नुसतं भांडणापुरतं नाही, त्यात सोयही आहे. थ्री टायर एसीत माणशी ४० किलो फुकट नेता येतं, पण खालच्या बर्थखाली मोठी टणक सूटकेस सरकतच नाही, आणि मग चोवीस तासांहून जास्त प्रवास पाय आखडून करावा लागतो. त्याच डब्यात चादर, ब्लँकेट, उशी मिळते, तेव्हा घरची चादर काढून ठेवा. परतीच्या विमानात साधारणपणे माणशी १५ किलो मोठ्या बॅगेत आणि ७ किलो हातातल्या बॅगेत चालतं. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते एकदा बघून घ्या. दोघांचं मिळून पंचवीस किलोचं एकच धूड उचलायला जड आणि काउंटरवर वादाला कारण. निघताना बॅग दहा किलोच्या आत आणि पाव भाग रिकामी हवी, कारण येताना केळ्याचे वेफर्स आणि मसाले येणार. वेफर्सना वजन नसतं पण जागा फार लागते. वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहा, मग बॅग घेऊन. वजाबाकी झाली की कळलं.

दोघांनी मिळून करायचं काम एकच. प्रत्येकाचा एक पूर्ण जोड दुसऱ्याच्या बॅगेत ठेवा. विमानात एखादी बॅग मागे राहिली तरी दोघांनाही अंगावर घालायला काहीतरी असतं. गोळ्या, चष्मा आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवायला विमानात मनाईच आहे.

आता हवा. जानेवारीत तुम्ही तीन ऋतू बघणार आहात. नाशिकरोडच्या फलाटावर थंडी असेल, ती तुम्हाला सांगायला नको, निफाडचा पारा रोज पेपरात असतो. एर्नाकुलमला उतराल तर घाम. मुन्नार साधारण १६०० मीटर उंचावर आहे. दर हजार मीटरला हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे खाली पंखा लावणारी माणसं तिथे रात्री कुडकुडतात. अलेप्पीला पुन्हा दमट. अशा प्रवासाला जाड कपडे थोडे आणि पातळ कपडे एकावर एक घालता येतील असे. जीन्स कुणाचीच नको. ओली झाली तर दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. रोज रात्री छोटे कपडे धुवायचे, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळायचे, सकाळी वाळलेले मिळतात. मग आठ दिवसांना आठ जोड लागत नाहीत, चार पुरतात.

यजमानांचा तपकिरी स्वेटर जाऊ द्या. तुम्हाला तो आवडत नाही हे पत्रात न लिहिताही दिसतंय, पण फलाटावर आणि मुन्नारला तो खरोखर कामाचा आहे. शिवाय देवाणघेवाणीला बरा : त्यांचा स्वेटर तुम्ही सोसायचा, तुमचा कुर्ता त्यांनी. सफारी मात्र कपाटात परत. त्या जाड टेरिकॉटमध्ये अलेप्पीच्या दुपारी माणूस शिजून निघेल. त्यांना दोन पँट, एक करडी नि एक नेव्ही ब्लू, आणि चार सुती शर्ट बस्स. बँकेची नाहीतर सिमेंट कंपनीची जाहिरात असलेला फुकटचा टी-शर्ट फक्त झोपताना.

पैठणीबद्दल सासूबाईंना नाही म्हणायचं असेल तर माझं नाव सांगा. रेशमाला घामाचे डाग पडतात, घडीवर जरीची मोड येते, आणि देवळाच्या रांगेत दोन तास उभं राहून ती निम्मी चुरगळते. येवल्याची साडी घरच्या कार्यात शोभेल.

पण सासूबाईंच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. त्रिवेंद्रमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पेहरावाचे नियम कडक आहेत. पुरुषांना मुंडू, म्हणजे तिकडची पांढरी लुंगी, नेसून आणि वर शर्ट-बनियन काहीही न घालता आत जावं लागतं. बायकांना साडी चालते, पँटवर जायचं तर वरून मुंडू गुंडाळावा लागतो. तिथे तुमची आयुष्यभराची सवय कामाला येणार आणि अहोंची धांदल उडणार. त्यांना हे इथेच सांगून ठेवा. उघड्या अंगाने रांगेत उभं राहायचं म्हटल्यावर काही पुरुष देवळाच्या दारातून परत फिरतात.

आणि इथेच भिशीच्या मॅचिंगचाही प्रश्न सुटतो. दोघांनी एकाच ताग्याचं कापड शिवून घ्यायचं नसतं. तसं केलं की फोटोत जोडपं दिसत नाही, बँडपथकातली दोन माणसं दिसतात. त्याऐवजी तिथे गेल्यावर तुम्ही कसावू साडी घ्या आणि त्यांना जरीकाठी मुंडू घ्या. न रंगवलेल्या सुताचं सायीच्या रंगाचं पोत आणि सोनेरी काठ. केरळात नवराबायको सणाला हेच घालतात, त्यामुळे ते मुद्दाम जुळवल्यासारखं वाटतच नाही. एर्नाकुलम जिल्ह्यातलं चेंदमंगलम आणि त्रिवेंद्रमजवळचं बलरामपुरम ही दोन्ही गावं हातमागासाठी नावाजलेली, दोघांच्या कापडाला भौगोलिक मानांकन आहे. २०१८च्या पुरात चेंदमंगलमचे माग पाण्याखाली गेले होते, तिथल्या विणकरांनी ते पुन्हा उभे केले. येवल्याच्या मागाजवळ राहणाऱ्या माणसाने तिथे थांबून दोन धागे बघावेतच. गाडीवाल्याला थोडी वाट वाकडी करायला सांगा. चेंदमंगलमला नाही जमलं तर त्रिवेंद्रमला पोहोचल्यावर देवळात जायच्या आधी घ्या, बॅगेत तेवढे दिवस वजनही वाढणार नाही.

फक्त एक तयारी घरून करा, नाहीतर साडी घेऊन तशीच परत याल. ब्लाउज तिथे एका दिवसात शिवून मिळेलच असं नाही. अंगावर नीट बसणारे दोन ब्लाउज, एक मरून आणि एक गडद हिरवा, आणि सायीच्या रंगाचा एक परकर बॅगेत टाका. कसावू पातळ असते, गडद परकर आरपार दिसतो. फॉल-पिको नाशिकला आल्यावर करा.

आता त्या “हे काय नवीन?”कडे येते. तीस-पस्तीस वर्षं साडीत बघितलेल्या बायकोला एकदम कुर्त्यात बघितल्यावर निघालेलं हे वाक्य टोमणाही असेल नाहीतर नुसतं आश्चर्यही असेल. पत्रावरून मला ठरवता येत नाही आणि तुम्हीही एकट्याने ठरवू नका. विचारा, “वाईट दिसतंय की सवय नाही म्हणून?” आणि त्यांच्या बोलण्याने रडू आलं होतं हेही सांगा. घरी सांगा, हाउसबोटीवर सांगायची वेळ आणू नका. मुलीकडून निरोप पाठवू नका, ती उगाच मध्ये सापडेल.

त्यांना आवडलं नाही तरी कुर्ता-पँट न्याच, कारण ते मुलीच्या हौसेपेक्षा मुन्नारच्या चढांसाठी लागणार आहेत. चहाच्या मळ्यांतल्या ओल्या पायवाटा, हाउसबोटीत चढायची फळी, गाडीतला वरचा बर्थ, इथे निऱ्या सांभाळत जायचं म्हणजे निम्मं लक्ष पायांत. बाकी वेळ साडी नेसा की, कोण अडवतंय! मी तुमच्या जागी असते तर रेल्वेत आणि मुन्नारला कुर्ता, हाउसबोटीवर हलकी महेश्वरी, देवळात कसावू असा बेत केला असता. कडक खळ दिलेली सुती साडी मात्र नको, एका गाडीप्रवासात तिचा पापड होतो.

निघायच्या आधीच्या रविवारी तो कुर्ता आणि प्रवासाची चप्पल घालून दोघं पांडवलेणी चढून या. पँट घसरते का, ओढणी अडकते का, चप्पल कुठे चावते, हे पायऱ्यांवरच कळेल. उतरल्यावर मिसळ खा. अहोंना फोटो काढायला सांगा. तुम्हाला कुर्त्यात बघायची त्यांना सवय होईल आणि कॅमेऱ्याची बटणंही कळतील. पादत्राणं पट्ट्याची, पटकन निघणारी घ्या. देऊळ, हाउसबोट सगळीकडे काढावी लागतात, लेसचे बूट म्हणजे दर वेळी वाकणं. मुन्नारसाठी मोजे.

रंगांचं थोडक्यात : मळ्यात हिरवं घालू नका, फोटोत नुसतं डोकं दिसेल. मोहरी, मरून, पांढरा उठून दिसतात. तुमच्या कुर्त्यात जे दोन रंग असतील त्यातला फिका त्यांच्या शर्टाला येऊ दे, एवढं मॅचिंग पुरे.

दागिन्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. मोठं मंगळसूत्र लॉकरमध्ये, छोटं गळ्यात. सोन्याच्या पाटल्या घरी. आणि दशम्यांचा डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, तोही त्यांच्या बॅगेत.