चुकारा बुडवणाऱ्याचे शेअर जप्त होतात का?

प्रश्न : वकीलसाहेब, आमचा 38 क्विंटल कापूस व्यापाऱ्यानं उधारीवर नेला आणि चुकारा दिलाच नाही. 2022 मध्ये दिवाणी कोर्टानं 2 लाख 5 हजार रुपये आणि व्याज असा हुकूमनामा माझ्या बाजूनं दिला. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, केली, पण बेलीफ हात हलवत परत आला. घर बायकोच्या नावावर, गाडी भावाच्या. तो मात्र दुकानात बसून मोबाईलवर शेअर घेतो-विकतो. तालुक्याच्या बँकेत त्याची मुदत ठेवही आहे. त्यातून माझे पैसे मिळतील का?
— एक कास्तकार भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, मिळू शकतात. हुकूमनामा 12 वर्षं बजावता येतो आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे शेअर, रोखे, बँकेतली रक्कम, सगळं जप्तीला पात्र आहे. तुमच्या दरखास्तीत बहुधा घरातल्या सामानाचीच जप्ती मागितली असेल. तालुका कोर्टात अशाच दरखास्ती पडतात आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कपाट असा अहवाल येऊन प्रकरण थंड होतं. घाम गाळून पिकवलेल्या कापसाचे पैसे असे अडकलेले पाहून मला फार चीड येते.

ठेव कोणत्या बँकेत आहे हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा तिची जप्ती आधी मागा. आदेश 21 नियम 46-ए खाली बँकेला नोटीस जाते : रक्कम कोर्टात भरा, नाहीतर का भरत नाही ते हजर होऊन सांगा. ठेवीवर कर्ज काढलेलं असेल तर मात्र बँक आधी आपलं वसूल करेल.

शेअरचा माग काढायला त्याच आदेशातला नियम 41 आहे. 30 दिवसांत रक्कम भरली नाही तर कोर्ट त्याला मालमत्तेचं शपथपत्र द्यायला लावू शकतं. टाळलं तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. अर्जात कागद नेमके मागा : तीन वर्षांचे खातेउतारे आणि पॅनवर निघणारं डिपॉझिटरीचं (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात जपणाऱ्या संस्थेचं) एकत्रित विवरण, ज्यात डिमॅट खात्यातले शेअर आणि म्युच्युअल फंड दोन्ही दिसतात. खातेउतारा ओळ न् ओळ वाचा. शे-दीडशेचा लाभांश जमा दिसला तरी कंपनीचं नाव हाती लागतं. दर महिन्याला त्याच तारखेला तीच रक्कम कटत असेल तर ती एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहा हप्ता, आहे का, हे उलटतपासणीत विचारायला लावा.

नाव कळलं की शेअर दुसऱ्याच्या नावावर करू नयेत असा नियम 46 चा मनाई हुकूम घ्या. प्रत कंपनीला आणि डिमॅट खातं सांभाळणाऱ्या संस्थेलाही जाऊ द्या. त्यानंतर त्यानं शेअर विकले तरी कलम 64 मुळे तो व्यवहार तुमच्याविरुद्ध टिकत नाही. पुढची विक्री लिलावाऐवजी दलालामार्फत करता येते.

दरखास्तीतल्या शेवटच्या हुकमाला दोन वर्षं उलटली असतील तर नियम 22 ची नोटीस आधी त्याच्या हातात पडेल आणि तो संध्याकाळच्या आत ठेव मोडेल. ती नोटीस न काढता जप्ती द्यावी, अशी विनंती करा. कारणं नोंदवून कोर्टाला तसं करता येतं.

पीपीएफ आणि विमा पॉलिसीच्या मागे लागू नका, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये राहुल शाह प्रकरणात दरखास्ती दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं आहे. तारीख लांबची पडली तर तो निकाल वकिलांकरवी कोर्टापुढे ठेवा.