विनोबा आपले कोण?

ईशू,

तुझा व्हॉइस मेसेज मी बसस्टॉपवर दोनदा ऐकला आणि एकटीच हसत उभी राहिले. आजी रोज पहाटे जे पुस्तक म्हणते त्याला ‘गीताई’ का म्हणतात, आणि ते लिहिणारे विनोबा आपले कोणते आजोबा?

नात्यातले कुणी नाहीत गं. कोकणातल्या गागोद्याचे, जन्म १८९५ चा. कागदोपत्री विनायक नरहरी भावे. आई ‘विन्या’ म्हणायची, आजी चिडली की मला ‘सुले’ म्हणते ना, तसं. ‘विनोबा’ झाले ते गांधीजींच्या आश्रमात. ज्ञानोबा, तुकोबा, विठोबा यांच्याच माळेतलं नाव. ‘बा’ म्हणजे बाप. आपल्याकडे एखाद्याला फार मानलं की त्याला घरातलाच करून टाकतात, मग अरे-तुरेही चालतं. विठोबाला कुणी ‘अहो’ म्हटलेलं ऐकलंयस?

शाळा-कॉलेजचे दाखले तर त्यांनी एक दिवस आईसमोर चुलीत घातले. (हे बाबांना ऐकवू नकोस.)

त्या आईला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत कळेना. विनोबांनी मराठी भाषांतर आणून दिलं, तेही जड गेलं. तेव्हा ती म्हणाली, मग तूच का नाही करत? १९१८ मध्ये ती गेली. विनोबा लिहायला बसले १९३० च्या ऑक्टोबरात, चार महिन्यांत सातशे श्लोक मराठीत झाले. जिच्यासाठी केलं ती वाचायला नव्हती, म्हणून नावातच घेतली: गीता-आई. मला हा भाग आजीने सांगितला होता, पोळ्या लाटता लाटता, आणि मध्येच थांबून पदराने डोळे पुसले होते.

पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते कैद्यांना गीता सांगायचे, साने गुरुजी उतरवून घ्यायचे. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिलं नाव काढलं ते यांचं, नेहरूंच्याही आधी. १७ ऑक्टोबरला पवनारला युद्धाविरुद्ध भाषण केलं आणि चार दिवसांत अटक.

पवनार आजीच्या घरापासून जवळच आहे. पण आधी वर्ध्यातलं गीताई मंदिर बघ. तिथे मूर्ती नाही, नुसत्या उभ्या शिळांवर सगळे अध्याय कोरलेत. आजीचा आवडता बारावा शोधून ठेव. छत्री घेऊन जा, वर छप्पर नाही.

आई