आधी फळी, मग चित्र

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही गिरगावात चाळीत राहतो. दोन खोल्या आणि समोर गॅलरी. सासरे ७४ वर्षांचे आहेत, बेस्टमधून निवृत्त झाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर चांगली आहे, पण गुडघ्यांमुळे जिने उतरणं बंद झालंय. दिवाळीच्या सुट्टीत नातवाचं ५०० तुकड्यांचं जिगसॉ पझल त्यांनी चार दिवसांत लावलं आणि तेव्हापासून 'आता मोठं आणा' म्हणून मागे लागलेत. ह्यांनी ऑनलाइन तीन पॅनोरमा, म्हणजे लांबट चित्रांची पझल, बघून ठेवलेत, तिन्ही २००० तुकड्यांचे : रात्रीचं न्यूयॉर्क, बर्फातले आल्प्स आणि जगाचा जुना नकाशा. कोणता घ्यावा? आणि एवढं लांबलचक प्रकरण लावायचं कुठे? जमिनीवर बसणं त्यांना जमत नाही, आणि रात्री त्याच खोलीत तीन गाद्या पडतात.
— एक वाचिका, गिरगाव

उत्तर : ताई, पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही पहिलं लिहायला हवं होतं. तीन गाद्या पडतात, ही खरी अडचण. न्यूयॉर्क की आल्प्स ते मागाहून बघू. मी नोकरीची सगळी वर्षं नकाशे ट्रेस करण्यात घालवली. त्या खात्यात कागद उलगडण्याआधी टेबल मोजायची सवय लागते, ती अजून सुटलेली नाही.

तेव्हा मापं घ्या. रावेन्सबर्गर या जर्मन कंपनीचा २००० तुकड्यांचा पॅनोरमा पुरा झाला की १३२ बाय ६१ सेंटिमीटर भरतो. म्हणजे सव्वाचार फुटांहून जरा जास्त लांब आणि दोन फूट रुंद. नेहमीच्या आकारातलं २००० तुकड्यांचं चित्र ९८ बाय ७५ असतं. दिसायला पॅनोरमा अवाढव्य, पण चाळीतल्या खोलीला तोच जास्त सोयीचा. खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात समोर दोन फूट आरामात पोचतो, अडीच फुटांसाठी मात्र उठून वाकावं लागतं. पॅनोरमा भिंतीला टेकवून ठेवला तरी एका बाजूने बसून लावता येतो. नेहमीच्या आकाराच्या चित्राभोवती चारही बाजूंनी फिरावं लागतं, आणि फिरायला जागा असती तर तुम्ही मला पत्र कशाला लिहिलं असतंत!

शिवाय पॅनोरमाचे भाग पाडता येतात. अखंड सव्वाचार फुटांची फळी घेऊच नका. ती रात्री कुठे ठेवणार? सुताराकडून सहा एमएम प्लायच्या तीन फळ्या कापून घ्या, प्रत्येकी ५० बाय ६५ सेंटिमीटर. चित्राचा एक तृतीयांश भाग ४४ सेंटिमीटरचा होतो, वर थोडी मोकळी जागा राहते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, नको, आपल्या पावसाळ्यात तो फुगतो. कडा पॉलिशपेपरने घासून घ्या, नाहीतर बोटांत कुसळं जातील. प्रत्येक फळीच्या खालच्या चारही कोपऱ्यांना बाटलीची प्लास्टिकची बुचं चिकटवा. म्हणजे रात्री फळ्या एकीवर एक रचून कॉटखाली सरकवता येतात आणि वरच्या फळीचा भार खालच्या तुकड्यांवर येत नाही. गाद्या पडायच्या आत दोन मिनिटांत खोली मोकळी.

फळीवर थेट लावू नका, आधी जाड कार्डशीट पसरा. तीनही भाग पूर्ण झाले की एखाद्या रविवारी सकाळी टेबलाला टेबल जोडून ते कार्डशीटसकट शेजारी सरकवायचे, सांधा जुळवायचा आणि कागद खालून हळूच ओढून घ्यायचा. त्या वेळी घरात कोणी पंखा लावणार नाही एवढं बघा.

पंख्यावरून आठवलं. माझा पहिला पॅनोरमा १००० तुकड्यांचा होता, ९८ बाय ३८ सेंटिमीटर. माझ्याकडे जुना डी-१ ड्रॉइंग बोर्ड होता, मीटरभर लांब आणि ७० सेंटिमीटर रुंद. त्यावर दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर सोडून चित्र बरोब्बर बसत होतं. ते बघून मी इतका हरखलो की जुलै महिना आहे हे विसरलो. खिडकी उघडी, बाहेर धो धो पाऊस. हे तुकडे म्हणजे पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवून पोलादी पात्यांच्या साच्याखाली दाबून कापलेले. दमट हवेत पुठ्ठा फुगतो आणि वरचा कागद सुटायला लागतो, सगळ्यात आधी तुकड्यांच्या बाहेर आलेल्या नाकांवर. त्यातच गणपती आले. टेबल मखरासाठी हवं होतं. मी बोर्ड चादरीत गुंडाळून कपाटामागे उभा ठेवला. अनंत चतुर्दशीनंतर चादर सोडली तर सगळं आकाश तळाशी येऊन बसलेलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, समुद्र कुठे गेला?" तुमची सुरुवात दिवाळीनंतर होतेय ते उत्तम. मार्च-एप्रिलपर्यंत मुंबईची हवा पुठ्ठ्याला मानवते.

आता चित्र. खोक्यावरच्या चित्रावर अंगठा टेकवा. खोक्यावर चित्र साधारण एक तृतीयांश मापाचं असतं असं धरलं, तर अंगठ्याखाली बारा-तेरा तुकडे झाकले जातात. ज्या ज्या जागी अंगठ्याखाली एकच रंग आहे, त्या जागा मोजा. पाच-सहा असतील तर हरकत नाही, तेवढं आव्हान हवंच. रात्रीच्या न्यूयॉर्कमध्ये वरचं आकाश आणि खालचं पाणी मिळून असे वीस-पंचवीस अंगठे सहज निघतील, म्हणजे तीनशेच्या आसपास काळेकुट्ट तुकडे. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना ते देऊ नका. बर्फही तसाच, फक्त पांढरा.

नकाशा घ्या. मी नकाशेवाला, म्हणून पक्षपात करतोय असं वाटेल, आणि थोडा करतोयही. पण या खेळाचा जन्मच नकाशातून झालाय. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशाकाराने लाकडी फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला म्हणून. जुन्या नकाशात मोकळी जागा कमी असते. नावं, जहाजं, वाऱ्याच्या दिशांची चक्रं, कडेला नक्षीची पट्टी, काही ना काही चाललेलं असतं. अक्षराचा अर्धा तुकडा हाती आला तरी त्याचा दुसरा अर्धा शोधता येतो. शब्दकोड्यासारखंच ते. आणि बेस्टमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला मार्ग, फाटे, टोकाची ठिकाणं यांत रस नसेल असं मला वाटत नाही.

तुकड्याचा आकार मात्र विकत घेण्याआधी काढा. लांबी गुणिले रुंदी, भागिले तुकडे. १३२ गुणिले ६१ म्हणजे ८०५२, भागिले २०००, म्हणजे तुकडा चार चौरस सेंटिमीटरचा. सासऱ्यांनी लावलेलं ५०० चं पझल बहुधा ४९ बाय ३६ चं असणार, तो तुकडा साडेतीनचा. म्हणजे नवा तुकडा हाताला थोडा मोठाच लागेल. उत्तर तीनच्या खाली आलं तर ते खोकं परत ठेवा, कितीही स्वस्त असलं तरी.

पण ५०० ला चार दिवस लागले म्हणून २००० ला सोळा दिवस, असं त्यांना सांगून ठेवू नका. तुकडे चौपट झाले आणि प्रत्येक तुकडा चौपट गर्दीत शोधायचा आहे. नुसत्या हिशेबाने सोळापट होतं. निवड करून घेतली की तेवढं होत नाही, तरी दोन महिने धरून चाला.

निवड म्हणजे अशी. खोकं फोडलं की सगळे तुकडे आधी मोठ्या भोकांच्या चाळणीत घालून हलवा. पुठ्ठ्याचा भुसा खाली पडेल, नाहीतर तो फटीत बसून सांधा वर उचलला जातो. मग घरातली स्टीलची ताटं काढा. कडेचे तुकडे एका ताटात, अक्षरांचे दुसऱ्यात, जमिनीचे रंग तिसऱ्यात, जहाजं आणि आकृत्या चौथ्यात. उरला तो समुद्र. त्याला हात शेवटी लावायचा. आधी कडा, ही पद्धत नकाशाला लागू पडते, कारण कडेला नक्षी आहे. आकाशाच्या चित्रात वरची कड शेवटीच लागते, तिथे हट्ट करून माणूस पहिल्याच आठवड्यात कंटाळतो.

समुद्रावर आलात की रंग विसरा आणि आकार बघा. आमच्या घरात तुकड्याच्या बाहेर आलेल्या भागाला नाक म्हणतात आणि आत गेलेल्याला खाच. दोन नाकं समोरासमोर आणि दोन खाचा समोरासमोर, हा आकार सगळ्यात जास्त सापडतो. नाकं शेजारी-शेजारी असलेले वेगळे. तीन नाकं, तीन खाचा, चारही नाकं, चारही खाचा हे आणखी वेगळे. अशा सहा रांगा लावल्या की जिथे 'दोन खाचा शेजारी-शेजारी' हवंय तिथे फक्त तीच रांग तपासायची. ट्रेसिंगच्या टेबलावर आम्ही हेच करायचो : रेघ कुठून आली ते कळत नसेल तर वळण बघायचं.

दिवा पिवळा नको. पिवळ्या दिव्याखाली निळ्याच्या सगळ्या छटा एकसारख्या दिसतात. पांढरी ट्यूब लावा, आणि ती खुर्चीच्या मागे नको, डाव्या बाजूला. कामाला मावशी येत असतील तर त्यांना एक सांगून ठेवा : केर सुपलीतून डब्यात टाकण्याआधी एकदा बघायचा.

---

प्रश्न : काका, आम्ही १००० तुकड्यांचा पॅनोरमा लावून त्यावर फेविकॉल फासला, फ्रेम करायची म्हणून. आता त्यावर पांढुरके डाग आलेत आणि हात लावला की चिकट लागतं. काय करू?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : पावसात लावलात ना? पांढरा डिंक पाण्यावर चालतो. हवाच ओली असली की तो नीट सुकत नाही, धुरकट राहतो. कोरडी हवा सुरू होईपर्यंत चित्र सपाट ठेवा, वर वर्तमानपत्र ठेवू नका, ते चिकटून बसेल. डाग बऱ्याच अंशी उतरतील, सगळे उतरतील याची खात्री देत नाही. पुढच्या वेळी पुढून काही लावूच नका. चित्रावर एक फळी ठेवा, दोन फळ्यांमध्ये धरून उलटं करा आणि पाठीला डिंकाचा पातळ हात देऊन तलम कागद चिकटवा. फ्रेमवाल्याला पाठीमागे सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा बोर्ड, घालायला सांगा आणि समोर काचेऐवजी ॲक्रिलिक घ्या. ९८ सेंटिमीटरची काच लोकलने घरी न्यायची कल्पना करून बघा. आणि पावसाची ओल येणाऱ्या भिंतीवर ती टांगू नका.

खरं सांगू का, मी स्वतः फ्रेम करत नाही. करतात त्यांच्याशी भांडणही नाही.

---

प्रश्न : शेवटी एक तुकडा कमी निघाला. मुलगी रडून रडून लाल झाली. दुसरा कुठे मिळेल?
— एक आई, मुलुंड

उत्तर : आधी शोधा. खोक्याच्या तळाचा दुमड, पिशवीचा कोपरा, सोफ्याच्या उशीखाली, पायजम्याची दुमडलेली घडी, आणि घरात मांजर असेल तर जिथे ती झोपते तिथे. लावलेल्या तुकड्यांच्या खालीही बघा, एकावर एक चिकटून आलेला तुकडा मी दोनदा तिथे पकडलाय.

नाहीच मिळाला तर घरी बनवायचा. मोकळ्या जागेवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासा, खाचेची कड आपोआप उमटते. ती रेघ तुकड्याइतक्या जाडीच्या पुठ्ठ्यावर उतरवा. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा पातळ पडतो, दोन-तीन थर चिकटवून जाडी साधा आणि वजनाखाली रात्रभर ठेवा. कटरने हळूहळू कापा, एका झटक्यात नाही. नाकाचं वळण कापताना हाताने पातं वळवू नका, पुठ्ठा फिरवा. थोडा मोठा कापून पॉलिशपेपरने घासत आणा, लहान कापला तर पुन्हा पहिल्यापासून. मग शेजारच्या चार तुकड्यांकडे बघून पोस्टर कलरने रंगवायचा. रंगवायचं काम मुलीला द्या. ती तुमच्यापेक्षा धीटपणे रंग लावेल आणि ते बरं दिसेल.

आम्ही पझल पूर्ण झालं की खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने तारीख लिहितो आणि खोकं ओळखीतल्या पुढच्या घरी पाठवतो. गणपतीत आकाश गमावलेल्या त्या पॅनोरमाच्या झाकणात आता चार तारखा आहेत. तिसऱ्या तारखेपुढे एका लहान मुलाच्या अक्षरात लिहिलंय : 'होडीचं शीड नकली आहे, शोधून दाखवा.' ते शीड मी बनवलेलं. चौथ्या घरातून अजून तरी कोणी सापडल्याचं कळवलेलं नाही.