एफडी मोडायची की लस पुढे ढकलायची?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका निवृत्त शिक्षकांनी विचारलंय: वय ६७, पत्नी ६३, तिला मधुमेह. मिरजेच्या डॉक्टरांनी दोघांना फ्लू, न्यूमोनिया आणि नागिणीची लस सुचवली, अंदाज एकूण ६० हजार. बचत खात्यात ७० हजार आहेत आणि वर्षाच्या दीड लाखाच्या एफडीची मुदत चार महिन्यांनी संपते. "एफडी मोडू, की यंदा मी एकटाच घेऊ आणि हिचं पुढच्या वर्षी बघू?"

गुरुजी, एफडी मोडायची गरजच नाही, कारण ६० हजार एकदम लागत नाहीत. तुमच्याच आकड्यांनी फ्लू-न्यूमोनियाचे दोघांचे १६ हजार. नागिणीचे ४४ हजार, पण तिचे डोस दोन, आणि दोहोंत २ ते ६ महिन्यांचं अंतर. म्हणजे आत्ता ३८ हजार बचतीतून काढा, उरलेले २२ हजार एफडी हातात आल्यावर. आज मोडलीत तर ८ महिन्यांचाच दर, वर दंड. ७ ऐवजी ५ टक्के पडले तर साधारण दोन हजार जातील. फार नाहीत, पण फुकट का घालवायचे?

मला खटकलं ते दुसरंच: "हिचं पुढच्या वर्षी". खरोखर एकालाच परवडत असतं, तर मी आधी वहिनींचं नाव लिहिलं असतं. मधुमेहात फ्लू आणि न्यूमोनिया जास्त अंगावर येतात. फ्लूची लस तर दरवर्षी लागते, ते चार हजार वार्षिक खर्चातच धरा.

नागीण महाग वाटते खरी. माझ्या आईला झाली होती. विळखा पुरा झाला की माणूस जातो, असं शेजारपाजारच्या बायका सांगत होत्या. तसं काही नसतं; लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसांत दबा धरून असतो, तो वयानुसार डोकं वर काढतो. फोड सुकले, पण ठणका कित्येक महिने राहिला. त्या गोळ्यांची आणि तपासण्यांची बिलं विम्यात बसली नाहीत, कारण ती दवाखान्यात दाखल झालीच नव्हती.

मुलाने सांगितलेली आयकरातली ८०डीची सवलत विसरा. ज्येष्ठांच्या औषधपाण्याची ती वजावट आरोग्य विमा नसलेल्यांसाठी आहे, तुमची दोघांची पॉलिसी चालू आहे. बहुतेक पॉलिसी लसीचे पैसे देत नाहीत, तरी तुमची एकदा वाचून बघा. आणि लसीसाठी विम्याचा हप्ता मात्र थकवू नका.