कागद त्याच्या नावाने मागा : नागपूरकरांच्या प्रश्नांना उत्तरे

आलेल्या पत्रांमधून या वेळी सहा प्रश्न घेतले आहेत. माझी सगळी नोकरी तहसीलच्या अभिलेख कक्षात झाली. टेबलाच्या आतल्या बाजूने एक गोष्ट रोज दिसायची. कागद कपाटात असतो, पण तो ज्या नावाने बस्त्यात बांधला आहे ते नाव मागणाऱ्याला ठाऊक नसते आणि शोधणाऱ्याला सवड नसते. मग माणूस हात हलवत परत जातो आणि घरी सांगतो की रेकॉर्डच नाही. म्हणून खाली कागदांची नावे जरा जास्तच येतील, ती लिहून ठेवा.

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करायची आहे. आम्ही कुणबी, मूळ गाव नरखेड तालुक्यात. समितीला १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. आजोबा शाळेत गेले नाहीत आणि ग्रामपंचायतीत जुने काही नाही म्हणतात. माहिती अधिकारात अर्ज टाकू का? (एक पालक, मानेवाडा)

दादा, माहिती अधिकाराचा अर्ज लगेच नको. तुम्हाला लागते ती शिक्क्याची नक्कल, आणि त्यासाठी साधा नक्कल अर्ज आहे. कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, शोध शुल्क भरायचे. नक्कल अर्ज अडला किंवा कागद कुठल्या कार्यालयात आहे हेच कळेना, तर माहिती अधिकार वापरा.

आधी तारीख पक्की करा. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा धरतात. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. त्या आधीचा कागद जितका जुना तितका चांगला.

आता तुमचा खरा कागद. त्याचे नाव कोतवाल बुक. आपला भाग आधी मध्य प्रांतात आणि १९५० नंतर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. तिथल्या पद्धतीप्रमाणे गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू एका वहीत टिपून घ्यायचा आणि ठाण्यात जाऊन कळवायचा. या वह्या पुढे तहसीलच्या अभिलेख कक्षात जमा झाल्या. ग्रामपंचायतीला त्यांची माहिती नसते, त्यामुळे ते नाही म्हणतात यात त्यांचाही दोष नाही. नरखेडचा कारभार पूर्वी काटोल तहसिलीत होता. म्हणून नरखेडला मिळाले नाही तर काटोलला विचारा. तालुके फुटले की बस्ते सगळेच नव्या ठिकाणी जातात असे नाही.

या वहीचे पान पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो. शाई तपकिरी पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या, मजकूर कधी मराठी तर कधी हिंदी. रकान्यात तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचे नाव बहुतेक वेळा नसतेच, कारण नोंद होते तेव्हा बारसे झालेले नसते. नावांच्या मध्ये ‘वल्द’ दिसेल, त्याचा अर्थ अमक्याचा मुलगा. तेव्हा तुमच्या वडिलांचे नाव शोधत बसू नका. आजोबांच्या नावापुढे ‘मुलगा’ असे लिहिलेले शोधा आणि तारीख वडिलांच्या शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. शाळेतली जन्मतारीख अनेकदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असायची. म्हणून अर्जात एकच वर्ष न लिहिता मागची दोन आणि पुढची दोन अशी पाच वर्षे लिहा. या एका गोष्टीने निदान निम्मे अर्ज वाचतील असे मला मनापासून वाटते.

आजोबांचे नाही मिळाले तर त्यांचे सख्खे भाऊ, चुलते, आत्या. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला पुरावा चालतो, वंशावळ मात्र शपथपत्रावर द्यावी लागते. शाळेत ‘दाखल-खारीज रजिस्टर’चा उतारा मागा. त्या काळच्या नोंदीवर ‘जनपद प्राथमिक शाळा’ असे दिसले तर घाबरू नका. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या, त्याआधी आपल्याकडे जनपद सभा होत्या. शेती असेल तर १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंदवही, आणि जुना खसराही पाहून घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. कचेरीबाहेर ‘नक्कल काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती मुलीचे भविष्य देऊ नका. पडताळणी समितीचे दक्षता पथक मूळ वही उघडून पाहते. नोंद नंतर घुसवलेली निघाली तर प्रवेश जातोच, वर गुन्हा दाखल होतो.

प्रश्न : १९८४ मध्ये वडिलांनी गृहनिर्माण सोसायटीकडून प्लॉट घेतला. आज सोसायटीचे ऑफिस नाही, पदाधिकारी हयात नाहीत. बँक ‘चेन’ आणि ‘आरएल’ मागते. आमच्याकडे फक्त पावत्या आणि ताबापत्र. (सेवानिवृत्त शिक्षिका, बेसा रोड)

ताई, नागपुरात हे दुखणे घरोघरी आहे. ‘चेन’ म्हणजे आधीच्या खरेदी-विक्रीच्या दस्तांची साखळी, ‘आरएल’ म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र. शेतकऱ्याकडून जमीन घेऊन लेआउट पाडणाऱ्या सोसायट्या इथे भरपूर झाल्या आणि माणसांबरोबर त्यांची कपाटेही गेली.

पावतीवर किंवा ताबापत्रावर तीन गोष्टी शोधा : मौजा, प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर, आणि खसरा नंबर. पुण्याकडचे लोक सर्व्हे नंबर किंवा गट नंबर म्हणतात, आपले दस्त खसऱ्यावर चालतात. हे तीन मिळाले की पुढचे कागद एकेक करून जमतात.

सोसायटीने शेतकऱ्याकडून केलेले खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असणार, त्याची नक्कल आणि सूची क्रमांक २ तिथे मिळते. जमीन अकृषक झाल्याचा आदेश आणि शहराच्या हद्दीत असल्यास १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याखालची सूट किंवा आदेश जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये गुंडाळला, पण बँकेचे वकील जुना आदेश अजून मागतात, तेव्हा शोधून ठेवा. सोसायटीची सभासद यादी, उपविधी, लेखापरीक्षण अहवाल आणि संस्था गुंडाळायला अवसायक नेमला असेल तर त्याचे नाव सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की सहकारी संस्था या आपोआप माहिती अधिकाराखाली येत नाहीत. पण उपनिबंधक येतो आणि कायद्याने त्याला संस्थेकडून जे कागद मिळवता येतात ते तुम्ही त्याच्यामार्फत मागू शकता. अर्ज सोसायटीच्या नावे नको, उपनिबंधक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे लिहा. वडिलांचे सभासदत्व तुमच्या नावावर आले असेल तर सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभासद म्हणूनही हक्क आहे.

आरएलचे म्हणाल तर आधी लेआउट कोणाच्या हद्दीत हे बघा : महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास की महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. बेसा रोडवर दोन पावलांवर हद्द बदलते. ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या लेआउटच्या याद्या प्रन्यासच्या गुंठेवारीच्या, म्हणजे विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करण्याच्या, कामातल्या. तुमचा खसरा त्यात आहे का आणि त्या प्लॉट नंबरवर डिमांड, म्हणजे नियमित करण्याचे पैसे भरण्याची मागणी, निघाली होती का, एवढेच दोन मुद्दे अर्जात लिहा. मला माहीत असलेल्या कितीतरी घरांत डिमांड वडिलांच्या काळात निघाली होती. ती कोणी भरली नाही आणि मुलांना पत्ताच नाही.

जागा नगर भूमापन झालेल्या भागात असेल तर सिटी सर्व्हेतून आखीव पत्रिकाही काढा. प्रॉपर्टी कार्ड म्हणजे तीच.

प्रश्न : शेजारचा प्लॉट विकत घेतोय. मालक खरेदीखत दाखवत नाही. मला परस्पर पाहता येईल का? (एक वाचक, गोधनी)

येईल. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम ५७ सांगते की स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची कोणीही शुल्क भरून पाहू शकतो आणि नक्कल घेऊ शकतो. मालकाची परवानगी लागत नाही. मृत्युपत्राचे पुस्तक वेगळे आहे, करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल इतरांना मिळत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घ्याच. पण जुने दस्त तिथे नसतील तर कार्यालयात जाऊन सूचीचा शोध घ्यावा लागेल, आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट करून घेतलेला बरा. मालक दाखवत नाही हेच मला खटकते. बयाणा अजून देऊ नका.

प्रश्न : घरासमोरच्या सिमेंट रस्त्याला वर्ष व्हायच्या आत तडे गेले. माहिती मागितली तर ‘मागणी विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ असे उत्तर आले. (रहिवासी, नंदनवन)

तुमच्या अर्जाची प्रत पाहिली. त्यात ‘रस्ता निकृष्ट का झाला, जबाबदार कोण, कारवाई का नाही’ असे प्रश्न आहेत. हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण तो तक्रारीच्या अर्जात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले की माहिती म्हणजे कार्यालयात नोंद रूपाने जे आहे ते. अधिकाऱ्याने कारणे नव्याने शोधून द्यावीत अशी अपेक्षा या कायद्यात नाही.

उलट बाजूने त्यांचेही उत्तर चूक आहे. असे उत्तर माहिती अधिकाराच्या ज्या कलमावर टेकते ते कलम ७(९) माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची एवढ्यापुरते आहे, त्याच्या आधारे माहितीच नाकारता येत नाही. प्रती काढणे जड असेल तर पाहणी करू द्यावी लागते.

नवा अर्ज असा लिहा. रस्त्याचे नाव, कुठून कुठपर्यंत, काम झाल्याचे साल. मग कागद : अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात, अंतिम देयक, काँक्रीटच्या क्यूब चाचणीचे अहवाल आणि दोष दायित्व कालावधी नमूद असलेले करारातले पान. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, त्यात हे आरामात बसते. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचे असाल तर तोही नाही. सर्वांत मोलाचे ते करारातले पान. दोष दायित्वाची मुदत चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायला हवी, आणि ते पान हातात घेऊन झोन कार्यालयात गेलेल्या माणसाशी बोलण्याची पद्धत बदलते हे मी पाहिले आहे.

काम चालू असतानाही जाता येते. कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार आहे, आपल्याकडे तो फार कमी लोक वापरतात. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक संस्थांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यायला सांगितले होते, ती सोय अजून चालू आहे का ते विचारून जा. आधी रस्ता कोणी केला एवढे मात्र खात्री करून घ्या. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण त्यात वेळ जातोच.

प्रश्न : वडील सेवाग्रामच्या रुग्णालयात वारले. आमच्या झोनमध्ये मृत्यूची नोंद सापडत नाही. (धंतोली)

तिथे नसणारच. मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, राहत्या पत्त्यावर नाही. वर्धा जिल्ह्यातल्या त्या जागेच्या निबंधकाकडे अर्ज करा आणि रुग्णालयाने नोंद कोणाकडे पाठवली हे आधी रुग्णालयातच विचारा. प्रती चार-पाच एकदमच घ्या. बँक, पेन्शन आणि आखीव पत्रिकेवरचा फेरफार, सगळीकडे लागतात.

प्रश्न : माहिती अधिकाराचा अर्ज देऊन ५५ दिवस झाले. लेखी काही नाही, तोंडी सांगतात ‘फाइल गहाळ आहे’. (महाल)

काका, पत्र वाचून होताच कॅलेंडर बघा. ३० दिवसांत उत्तर आले नाही की कायदा ते नाकारल्यासारखे धरतो. तिथून पुढे ३० दिवसांत पहिले अपील करायचे असते, म्हणजे तुमच्या हातात ५ दिवस उरलेत. अपिलाचा नमुना म्हणजे जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. अपिलात हेही लिहा की मुदत उलटल्याने प्रती मोफत मिळाव्यात, कलम ७(६). तिथेही न्याय नाही मिळाला तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे अपील.

माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ मध्ये आहेत, ‘गहाळ’ हे कारण त्यात कुठेच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे की जी माहिती कार्यालयाकडे असायला हवी ती सापडत नाही एवढे सांगून सुटका होत नाही. कसून शोध घ्यावा लागतो आणि गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी ठरवावी लागते. म्हणून अपिलात मागणी करा की फाइल गहाळ असल्याचे लेखी द्यावे, ती शेवटी कोणाच्या ताब्यात होती ते आवक-जावक आणि हालचाल नोंदवहीवरून सांगावे. तोंडी ‘गहाळ’ म्हणणारा माणूस सही करताना थांबतो.

माझ्या आईच्या मालमत्तेची फाइल एका कार्यालयात अशीच सात महिने ‘गहाळ’ होती. शेवटी मी हालचाल नोंदवही पाहायला मागितली. शेवटची नोंद एका दुसऱ्या शाखेच्या नावे होती. तिथल्या कपाटात, भलत्याच वर्षाच्या गठ्ठ्यात, ती फाइल लाल फितीत बांधलेली सापडली. वर आईच्या नावातले एक अक्षर चुकलेले होते. त्या सात महिन्यांत आई दर आठवड्याला विचारायची, ‘लागली का रे?’

तेव्हा अपिलात फाइलवरचे नाव ज्या ज्या प्रकारे लिहिले गेले असेल ते सगळे प्रकार लिहा. आणि अपील देताना दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.